खसखशीएवढं

तोर्निकेनं लॅपटॉप टेबलावर ठेवला,
जखमी माणूस खाटेवर उतरवावा इतक्या हळू,
आणि पहिलंच वाक्य खोटं बोलला:
"मी काही केलं नाही. आपोआप बंद पडला."

चाळीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं.
आपोआप हा शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही.

तळाचे स्क्रू मोजले. दहा हवेत, नऊ होते,
त्यातला एक दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा.
आत नवी रॅम, अजून पाकिटाचा वास असलेली.
जुनी त्यानं खिशातून काढून दाखवली,
साक्षीदार उभा करावा तशी.
"आधी बॅटरीची वायर काढली होतीस?"
तो खिडकीबाहेर बघू लागला.
कुतैसीवर धुकं इतकं दाट, की
रिओनीतले पांढरे गोटेही दिसत नव्हते,
म्हणजे बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

लोक म्हणतात, मदरबोर्ड विमानातून दिसणाऱ्या शहरासारखा.
मला तो वही वाटतो,
बारीक अक्षराची, समासातसुद्धा लिहिलेली.
भिंगाखाली सरकवत एकेक ओळ वाचत गेले
आणि रॅमच्या खाचेपाशी सापडली खाडाखोड:
एक ओरखडा, उजवीकडून डावीकडे,
सुरुवातीला खोल, शेवटी नुसता खरवडलेला.

"डावखुरा आहेस का रे?"
त्यानं डावा हात खिशात घातला.

ओरखड्याच्या टोकाला दोन रुपेरी ठिपके,
मधला दाणा नाही. दुधाचा दात पडल्यावरची हिरडी.
तेव्हा कुठे पोरानं कागदी रुमाल उलगडला.
स्वयंपाकघराची फरशी गुडघ्यांवर बसून झाडली होती म्हणाला.
रुमालात तीन कण:
एक पावावरचा तीळ,
एक प्लास्टिकची कपची,
आणि एक खरोखरच कपॅसिटर, खसखशीएवढा,
एका कडेला तडा गेलेला.

मल्टिमीटरची टोकं ठेवली.
तो वाजला असता तर मी चहा टाकला असता
आणि वाईट बातमी चहाबरोबर दिली असती.
तो वाजला नाही.
हिरवा लेप गेला होता, खालचं तांबं शाबूत.

"याच्यासारखे आणखी चार आहेत इथे,
एकाच कामाला लावलेले. एक गेला की बाकीचे वाटून घेतात."
"म्हणजे त्याच्यावाचून चालेल?"
"चालेल. कधीतरी, काम फार पडलं, की अडखळेल."

यावर तो बराच वेळ गप्प राहिला.
मग एकदम सगळं बोलला, क्रम सोडून:
रॅमचे पैसे आईनं पाठवले, बारीहून,
तिथं ती एका म्हातारीला उठवते, बसवते, भरवते,
रोज नऊला फोन करते, आणि चित्र अडकायचं,
"मध्येच तोंड उघडं राहायचं तिचं,
धाकटी बहीण रडायची, म्हणून मीच…"

मी ड्रॉवरमधला एक मेलेला बोर्ड काढला,
त्याचा एक दाणा चिमट्यानं उचलला.
या वयात श्वास धरून ठेवणं
हात स्थिर ठेवण्यापेक्षा अवघड जातं.
धुराची एक बारीक रेघ. झालं.

बटण दाबलं. काळोख.
तोर्निके माझ्याकडे बघतो, मी घड्याळाकडे.
नवी रॅम ओळख पटवायला वेळ घेते, हे मला माहीत असतं,
तरी दर वेळी पोटात खड्डा पडतो.
मग पडदा उजळला. सोळा. पूर्ण सोळा.

"किती झाले?"
"स्क्रूचे पन्नास तेत्री."
"आणि आईला…"
"आईला काय सांगायचं ते तू बघ.
पुढच्या वेळी बॅटरी आधी."

तो धुक्यात शिरला, लॅपटॉप कोटाच्या आत.
साडेआठ वाजले होते.
टेबलावर रुमाल तसाच होता.
झटकायला उचलला, तर भिंग बाजूला ठेवलेलं,
आणि त्यातला तीळ कुठला, तो कुठला,
मला काही सांगता येईना.